पायाच्या धमनीचं ऑपरेशन: भूल दिल्यावर पायाला ऑक्सिजन मिळतोय की नाही, हे कोण बघतं?

पावशा

वडिलांच्या (वय ६८) उजव्या पायाचं बायपास ठरलंय. मांडीतली मोठी धमनी पूर्ण बंद आहे. जांघेपासून गुडघ्यामागच्या धमनीपर्यंत त्यांच्याच पायातली शीर काढून जोडणार आहेत. जुना मधुमेह, त्यात उभं आयुष्य बिडी ओढली. आता सोडलीय म्हणतात, पण सदऱ्याच्या खिशाला वास येतो.

सर्जननी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. माझा प्रश्न भुलेचा आहे. तपासणीला गेलो तेव्हा सांगितलं की ईसीजी, रक्तदाबाचा पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावतात. क्लिप कुठल्या बोटाला, तर हाताच्या. अहो, पण ऑपरेशन पायाचं! धमनीला चिमटा लावून ठेवणार पायात, आणि ९९ टक्के दिसणार हातात. एरवी चार पावलं चालले की अण्णा पोटरी धरून बसतात, सगळ्या आळीला कळतं. भुलेत ते गप्प असणार. मग पायाचं दुखणं कळणार कुणाला?

गुगलून झालंय, डोकं जास्तच फिरलं. इथे कुणी जाणकार असेल तर सांगा.

भूलवाला

प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, माझ्यापुरतं सांगतो.

हाताच्या बोटातला ९९ हा फुप्फुसं आणि हृदय यांच्याबद्दलचा निरोप असतो. तो घसरला तर पाय राहिला बाजूला, माणूसच जायचा, म्हणून आमची नजर त्याच्यावरून हलत नाही. पण जांघेत क्लॅम्प (धमनीचा चिमटा) लागलेला असताना त्या आकड्याचा त्या पायाशी काडीचा संबंध नाही. वडिलांचा पाय तिकडे पांढराफटक पडला तरी हातात ९९ च दिसेल.

पायाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटला की सहा खुणा शोधायच्या असतात. पाय ठणकतो, मुंग्या येतात, बोटं हलवता येत नाहीत, या तीन रोग्याकडून कळतात. पाय फिका, पाय गार, पावलावर नाडी नाही, या तीन आपण बघायच्या. भूल दिली की पहिल्या तीन गेल्याच. काही लोकांना वाटतं, कमरेतून भूल दिली तर माणूस जागा असतो, तो सांगेल की! नाही सांगणार. माणूस जागा असला तरी पाय बधिर आहे. शिवाय कमरेतल्या भुलेने पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि कातडी कोमट लागते, त्यामुळे नुसता हात लावून 'गरम आहे, बरा आहे' म्हणायचीही सोय उरत नाही.

आता जरा धीर देतो. रक्त पूर्ण तुटलं तर स्नायू आणि मज्जातंतू साधारण चार ते सहा तास तग धरतात. जांघेतला जोड करताना क्लॅम्प मांडीच्या खोल धमनीवरही येतो, म्हणजे तुमच्या वडिलांच्या पायाला आजवर जगवणारे बाजूचे रस्तेही तेवढा वेळ बंद होतात. पण हा वेळ सहसा तासाच्या आतबाहेरचा असतो. क्लॅम्पच्या आधी हेपरिन देतात, साधारण ५००० युनिट, आणि रक्तात भिनायला तीन ते पाच मिनिटं जाऊ देतात, म्हणजे थांबलेलं रक्त गोठत नाही. क्लॅम्प लागलेला असताना सगळ्यांना ठाऊक असतं की पाय उपाशी आहे. माझी खरी धाकधूक सुरू होते तो सोडल्यानंतर, जेव्हा सगळे गृहीत धरतात की पाय जेवला.

टाका_टिप्पणी

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन. भूलवाल्यांशी वाद घालायला मला कारण लागत नाही, तरी घालतो.

पाय कोण बघतं? मी बघतो. जोड झाला की नव्या शिरेवर बोट ठेवायचं. मग पावलावर पेनाएवढं डॉपलर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह ऐकवणारं यंत्र. तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. निरोगी धमनी दणकून आणि तीन ठेक्यांत बोलते, आजारी धमनी एकसुरी फुसफुसते. शंका आलीच तर टेबलावरच डाय टाकून फोटो काढायचा. गुठळी सापडली तर फोगार्टी कॅथेटर आत सरकवायचा, पुढचा फुगा फुगवायचा आणि ओढून बाहेर काढायची. थॉमस फोगार्टींनी १९६३ साली हे प्रसिद्ध केलं, अजून त्याला तोड नाही.

पायाच्या स्नायूतला ऑक्सिजन आकड्यात दाखवणारी यंत्रंही असतात, ती वाईट नाहीत. पण यंत्रात ६२ चे ५५ झाले म्हणून मी झालेला जोड पुन्हा उघडत नाही.

एक मात्र कबूल. थकलेल्या रेसिडेंटला पावलावर नाडी लागली म्हणजे ती रोग्याचीच असेल असं नाही. स्वतःच्या बोटाच्या टोकातलीच नाडी लागते बऱ्याचदा. म्हणून डॉपलर.

भूलवाला

टाका साहेब, तुमच्या डॉपलरला माझा सलाम. पण ते तुम्ही लावाल तेव्हाच बोलतं. मधला वेळ कुणाचा? पाय हिरव्या कापडाखाली, तुम्ही जांघेत वाकलेले, आणि ज्याचं ऑपरेशनच नाही त्या दुसऱ्या पायाकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही.

ईव्हारचं उदाहरण घ्या. (पावशा, पोटातल्या महाधमनीला फुगा आला की जांघेतून आत नळी बसवतात, ते.) त्यासाठी जांघेच्या धमनीत १८ फ्रेंचचं आवरण घालतात, म्हणजे ६ मिमी जाड. धमनी आधीच किटलेली असेल तर ते बुचासारखं बसतं आणि खालचा पाय तेवढा वेळ कोरडा. काम लांबलं, नळीची दुसरी फांदी बसवायला वेळ गेला, की घड्याळाकडे लक्ष कुणाचं? तिथे पोटरीवर चिकटवलेली एक पट्टी सतत आकडा दाखवत असेल तर मी निदान तोंड उघडू शकतो: "साहेब, डावा पाय पाऊण तास खाली आहे." जोड उघडा असं मी म्हणतच नाही.

आगाऊ

मध्येच घुसतो. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर घरात आहे. हा धागा वाचून पायाच्या अंगठ्याला लावून बघितला. ९७! म्हणजे माझे पाय ठणठणीत ना? मग अण्णांच्या अंगठ्यालाही तीच क्लिप लावली की झालं, एवढा काथ्याकूट कशाला?

संवेदक

आगाऊ, नाव सार्थ केलंत :) पण प्रश्न चांगला आहे. मी हॉस्पिटलांच्या यंत्रांचं काम करतो, तेव्हा यंत्राच्या बाजूने लिहितो.

क्लिपमध्ये दोन दिवे असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्याला न दिसणारा, ९४० चा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश फारसा खात नाही, ऑक्सिजन सोडलेलं जास्त खातं. ९४० ला उलट. पण बोटात कातडी, हाड, नीलेतलं रक्त असं सगळंच असतं. त्यातलं धमनीचं रक्त वेगळं कसं काढायचं? निहोन कोडेन कंपनीतल्या ताकुओ आओयागींनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युक्ती काढली. जे नाडीबरोबर कमीजास्त होतं तेवढंच मोजायचं, कारण नाडीबरोबर हलतं ते धमनीतलं. बाकी सगळं वजा. (आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. पुढे त्याच कोविडात आपण सगळे औषधाच्या दुकानात ऑक्सिमीटरसाठी रांगा लावणार होतो.)

या युक्तीतच तिची मर्यादा आली. नाडी नसेल तर यंत्र आंधळं. आणि नाडी अगदी बारीक असेल, पण आहे, तर? तर ते ९७ दाखवू शकतं. कारण ते रक्ताचा रंग बघतं, रक्त किती येतंय ते बघत नाही. नळाला येणारं पाणी स्वच्छ आहे की नाही हे ते सांगणार. धार करंगळीएवढी आहे आणि हंडा भरायला दुपार होईल, हे नाही सांगणार. त्यामुळे तुमचा ९७ म्हणजे अंगठ्यात नाडी आहे आणि फुप्फुसं बरी आहेत, इतकंच. धमनी अर्धी चोंदलेली असली तरी अंगठ्यात ९७ येऊ शकतो.

पायाची धमनी तपासायची तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब घेऊन भागाकार करतात, त्याला एबीआय म्हणतात. ०.९ च्या खाली गेला तर गडबड. मधुमेह्यांमध्ये धमन्या चुन्याने कडक होतात, पट्ट्याने दबतच नाहीत आणि हा आकडा खोटाच १.४ च्या वर जातो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

तरी ऑपरेशनमध्ये अंगठ्याला क्लिप लावणं अगदीच वाया नाही. आकड्यापेक्षा पडद्यावरच्या नाडीच्या लाटेकडे बघायचं. क्लॅम्प लागला की लाट सपाट होते, सुटला की परत येते. भूलवाला सांगतील.

भूलवाला

बरोबर. दोन्ही अंगठ्यांना क्लिपा लावून दोन लाटा एकाखाली एक बघणं ही गरिबाची युक्ती आहे आणि मी ती वापरतो. पण पाय गार पडले, किंवा रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रिनलिन सुरू केलं, की बोटांतल्या वाहिन्या आवळतात आणि लाट गायब होते. तेव्हा पोटरीतला स्नायू व्यवस्थित असू शकतो. म्हणजे फुकटची घाबरगुंडी. आणि कमी रक्ताच्या बोटावर क्लिप तासन्‌तास चावून बसली तर कातडीला जखम होते, मधुमेह्याला तर होतेच होते. क्लिपपेक्षा चिकटपट्टीचा सेन्सर बरा, आणि अधूनमधून जागा बदलायची.

म्हणून दुसरं यंत्र. संवेदक, निर्सबद्दल तुम्हीच लिहा ना, माझ्यापेक्षा नीट सांगाल.

संवेदक

निर्स म्हणजे निअर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश मांसातून बऱ्यापैकी आरपार जातो, हे ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं. मूळ वापर मेंदूसाठी. हृदयाच्या ऑपरेशनात कपाळावर दोन पट्ट्या लावतात, त्याच पट्ट्या पोटरीवर लावल्या की पायाचा निर्स.

पट्टीत एका टोकाला दिवा, तीनचार सेंटिमीटरवर दोन प्रकाशग्राही. प्रकाश आत शिरतो, विखुरतो आणि केळ्याच्या आकाराच्या वाटेने परत वर येतो. जितकं अंतर, त्याच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतचं कळतं, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर. जवळचा प्रकाशग्राही कातडीचं सांगतो, लांबचा कातडी अधिक स्नायू. पहिलं दुसऱ्यातून वजा करतात.

याला नाडी लागत नाही, ही याची खरी ताकद. बारीक वाहिन्यांत असलेलं सगळंच रक्त ते मोजतं, आणि त्यात ७० ते ७५ टक्के नीलेकडचं असतं. म्हणून आकडा ९९ नसतो, ६०-७० च्या घरात असतो. ते बघून घाबरू नका. किती आलं आणि किती वापरलं याचा शिल्लक हिशोब आहे तो. पुरवठा कमी झाला की स्नायू आहे त्या रक्तातूनच जास्त ऑक्सिजन ओढतो आणि शिल्लक खाली येते.

कमतरताही लिहितो, नाहीतर टाका साहेब लिहितील. पोटरीवर चरबीचा जाड थर असेल तर स्नायूपर्यंत प्रकाश धड पोचत नाही आणि तुम्ही चरबीचा आकडा वाचत बसता. पायाला सूज असेल तर आकडा बिघडतो. स्नायूतलं मायोग्लोबिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन या यंत्राला वेगळं ओळखता येत नाही. मेथिलीन ब्लूसारखं रंगीत औषध शिरेतून दिलं तर आकडा पार वेडा होतो. कातडीचा रंगही प्रकाश खातो. बोटाच्या ऑक्सिमीटरबद्दल तर २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं की खरा ऑक्सिजन कमी असूनही यंत्राने बरा दाखवल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होतं. आपल्याकडे सावळ्या कातडीचेच लोक जास्त, तेव्हा हे डोक्यात ठेवून वाचायचं. निर्समध्ये त्यावरचा उतारा एकच: आकडा किती आहे यापेक्षा तो त्याच पायावर मघापासून किती हलला ते बघा.

ओटीतली_ताई

वाचत होते, राहवलं नाही. हे सगळं कागदावर छान आहे. पट्टी लावायची वेळ आली की आम्हाला हाक मारतात.

पोटरीवर केस असतील तर पट्टी सुटते. तेल लावून आलेला पेशंट असेल (आणि आदल्या रात्री घरचे हमखास तेल चोळतात) तर सुटतेच. म्हणून आधी पुसून कोरडं करायचं, मग पट्टी, मग वरून पारदर्शक ड्रेसिंग. त्यानंतर सर्जन येऊन अख्खा पाय जांघेपासून अंगठ्यापर्यंत बीटाडिनने रंगवणार. ते ओघळून पट्टीच्या कडेने आत शिरतं. मग मॉनिटरवर आकड्याच्या जागी रेघा. तोपर्यंत पाय कापडाखाली गेलेला, हात घालायची सोय नाही.

आणि ज्या पायाची शीर काढायची तो आतल्या बाजूने वरपासून खालपर्यंत उघडणार. मग पट्टी कुठे? नडगीच्या बाहेरच्या बाजूला, पुढच्या स्नायूवर. तिथे सर्जनच्या आड येत नाही. वायर पायाच्या खालून टेबलाच्या शेवटाकडे न्यायची, वर आणली तर कुणीतरी ओढतंच. वरच्या दिव्याचा झोत पट्टीवर पडला तरी आकडा नाचतो, म्हणून वर एक जाड कापड.

पट्टी एकदाच वापरायची असते आणि एकेकीला काही हजार पडतात. दोन पायांना दोन. त्यामुळे प्रत्येक केसला लावत नाहीत हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही.

टाका_टिप्पणी

ताई, नडगीच्या बाहेरची जागा सोयीची आहे तशीच ती शहाणपणाचीही आहे. गुडघ्याखालचे स्नायू घट्ट आवरणाच्या कप्प्यांत असतात. रक्त तुटून परत आलं की पुढच्याच कप्प्यातला स्नायू आधी सुजतो. कप्प्याचं आवरण ताणत नाही, आत दाब वाढतो आणि आलेलं रक्तही थांबतं. कंपार्टमेंट सिंड्रोम. कप्प्यातला दाब आणि रक्तदाबाचा खालचा आकडा यांत ३० पेक्षा कमी अंतर उरलं की ते आवरण लांब चिरून कप्पा मोकळा करायचा, दुसरा उपाय नाही.

पावशा, तुमच्या वडिलांच्या ठरवून केलेल्या बायपासला याचा धोका कमी आहे. गुठळी येऊन पाय अचानक बंद पडलेला आणि आठ तासांनी गाडीत घालून आणलेला पेशंट, त्याला हा धोका.

दूरदेशी

आखातात परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम करणारी यंत्रं चालवतो. आमच्याकडे पायाचा निर्स ही चैन राहिलेली नाही. एक्मोवर (शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देऊन परत पाठवणारा पंप) पेशंट टाकताना जांघेच्या धमनीतून जाड नळी वर हृदयाकडे जाते आणि खालचा पाय अडतो. त्यात हृदय जेमतेम हलत असेल तर शरीरात नाडीच नसते, पंपाचा सलग प्रवाह असतो. बोटाची क्लिप बंद, हाताला नाडी नाही, डॉपलरमध्ये नुसती घरघर. अशा पेशंटला अनेक दिवस ठेवायचं आणि पाय वाचवायचा. दोन्ही पोटऱ्यांवर पट्ट्या असतातच. नळीच्या पायाचा आकडा दुसऱ्यापेक्षा १५ ने खाली गेला की आम्ही सर्जनला उठवतो. मग त्याच धमनीत खालच्या दिशेने एक बारीक नळी टाकून पायाला वेगळं रक्त देतात. हल्ली ती आधीच टाकतात बऱ्याच ठिकाणी.

बायपास सर्जरीत हा १५ चा नियम तसाच्या तसा उचलू नका मात्र. तिथे दोन्ही पाय आजारी असतात.

भूलवाला

दूरदेशींचं शेवटचं वाक्य दोनदा वाचा. जुन्या रोग्यांत विश्रांतीच्या वेळी आजारी पायाचा निर्स चांगल्या पायाएवढाच असू शकतो, कारण बसल्या जागी स्नायूला मागणीच नसते. भुलेत तर मागणी आणखी कमी. म्हणून क्लॅम्प लावल्यावर आकडा धाडकन पडत नाही, काही मिनिटांत उतरत जाऊन एका पातळीला टेकतो. बाजूचे रस्ते चांगले असतील तर थोडाच उतरतो. यातून मला कळतं की हा पाय किती वेळ सोसेल. आणि क्लॅम्प सुटल्यावर आकडा मूळ पातळीच्याही वर उसळी मारतो, उपाशी स्नायू भरभरून रक्त घेतो. ती उसळी आली नाही, किंवा येऊन वीस मिनिटांत परत खाली सरकायला लागली, तर मी टाका साहेबांना डॉपलर काढायला सांगतो. माझं काम तेवढंच, निदान त्यांचं.

मात्र त्याआधी मी माझ्या बाजूचं तपासतो. रक्तदाब पडलाय का? हिमोग्लोबिन उतरलंय का? व्हेंटिलेटर ठीक आहे का? दोन्ही पाय एकदम खाली आले तर दोष बहुधा वरचा, माझा. एकच आला तर खालचा, त्यांचा. दुसऱ्या पायालाही पट्टी लावायची ती यासाठी.

क्लॅम्प सोडताना आणखी एक होतं. पायात साचलेलं आम्ल, पोटॅशियम आणि कार्बन डायऑक्साइड एकदम वर येतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मॉनिटरवर चढताना दिसतो, रक्तदाब खाली येतो. महाधमनीचा क्लॅम्प असेल तर हे फार जोरात होतं, म्हणून "हळू सोडा" अशी ओरड आमच्या बाजूने ठरलेली.

मालतीकाकू

डॉक्टर मंडळी छान लिहिताय. माझ्या सासऱ्यांच्या पायाला असंच होतं तेव्हा आम्ही गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचो, बरं वाटायचं त्यांना. ऑपरेशनमध्येही पाय गार पडत असतील तर गरम का ठेवत नाहीत?

भूलवाला

काकू, कृपा करून पिशवी नको. ज्या पायात रक्त कमी आहे तिथे आलेली उष्णता वाहून न्यायलाही रक्त नसतं, ती तिथेच साठते. मधुमेहाने संवेदना गेलेली असेल तर भाजलेलं कळत नाही, आणि तसल्या पायावरची भाजल्याची जखम भरत नाही. पायमोजे घाला, घरात उबेत बसवा, पण शेक नको.

ऑपरेशनमध्ये गरम हवेची चादर असते, ती वरच्या अंगावर घालतो. क्लॅम्प लागलेल्या पायांवर घालायची नाही असं उत्पादकांच्या सूचनांतही असतं. गरम स्नायूची भूक वाढते आणि वाढायला ताटात काही नसतं.

पावशा

सगळ्यांचे आभार. आज विचारून आलो. ते म्हणाले निर्सचं यंत्र हृदयाच्या ओटीत आहे, पायाच्या केसला वापरत नाहीत. मी आग्रह धरू का? की दुसरीकडे न्यावं?

टाका_टिप्पणी

नका नेऊ. पायाच्या बायपासला निर्स लावलाच पाहिजे असा नियम नाही. कुठला आकडा आला म्हणजे पाय धोक्यात, यावरही जगात एकमत नाही. त्यापेक्षा विचारा की जोड झाल्यावर टेबलावर डॉपलर किंवा अँजिओ करणार का, आणि रात्री पाय कोण बघणार. पहिली रात्र दर तासाला पावलाची नाडी डॉपलरवर ऐकून कागदावर लिहिली गेली पाहिजे. नाडी सापडली ती जागा आम्ही पेनाने फुली मारून ठेवतो, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला शोधाशोध नको. ती फुली पुसू नका, इतकं तुमच्या हातात आहे.

भूलवाला

+१. माझ्या बाजूचे दोन प्रश्न जोडतो. अण्णा क्लोपिडोग्रेल घेत असतील तर कमरेतून भूल द्यायची झाल्यास ती गोळी पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, कारण मणक्यात रक्तस्राव झाला तर दोन्ही पाय जायचे. सर्जनना ती गोळी चालू हवी असेल तर पूर्ण भूल. हे दोघांनी बोलून ठरवलंय का ते विचारा, स्वतःहून बंद करू नका. आणि दुसरं, दोन्ही दंडांचा रक्तदाब घेतलाय का? पायाच्या धमन्या चोंदल्या तशा हाताकडे जाणारीही चोंदलेली असू शकते. मग त्या हाताचा दाब खोटाच कमी दिसतो. जास्त असेल तो हात खरा, धमनीतली सुई त्याच हाताला घालायची.

पाठीत बारीक नळी ठेवून वेदना कमी करणार असतील तर नर्सिंगला सांगून ठेवा की पोटरी कडक लागली तर कळवा. नळीमुळे दुखणार नाही, म्हणून दुखण्याची वाट बघू नका.

कुंभार्ली

धागा थोडा वळवतो, माफी. मेव्हण्याला डायलिसिससाठी कोपरापाशी फिस्टुला केलाय. तेव्हापासून तो हात गार पडतो, डायलिसिस चालू असताना बोटं दुखतात, नखं निळसर. सेंटरवर म्हणाले सवय होईल. हे याच प्रकारातलं का?

भूलवाला

याच प्रकारातलं. फिस्टुला म्हणजे धमनी आणि नीला जोडून केलेला आडरस्ता. रक्ताला तो सोपा पडतो, पंजाकडे जाणारं रक्त तिकडे वळतं. याला स्टील (इंग्रजीत चोरी) म्हणतात. मनगटापेक्षा कोपराच्या फिस्टुलात जास्त, मधुमेह्यांत आणखी जास्त. डायलिसिसमध्ये रक्तदाब उतरला की बोटांना मिळणारं अजून कमी होतं, म्हणून तेव्हा दुखतं.

तपासणी सोपी आहे. बोटाला ऑक्सिमीटर लावून लाट बघायची आणि डॉक्टरने फिस्टुला काही सेकंद दाबायचा. मेलेली लाट उभी राहिली, बोट गुलाबी झालं, की निदान झालं. घरी स्वतः दाबून बघू नका, फिस्टुलात गुठळी झाली तर तोही जाईल.

टाका_टिप्पणी

नुसता गारवा असेल तर हातमोजा घालून लक्ष ठेवतो आम्ही. डायलिसिसमध्ये दुखतंय आणि नखं निळी आहेत म्हणजे ती पायरी ओलांडली. फिस्टुला अरुंद करता येतो, किंवा पंजाला वेगळा बायपास देऊन दोन्ही वाचवता येतात. एरवीही दुखायला लागलं, बोटं बधिर झाली किंवा टोकाला काळा ठिपका दिसला तर डायलिसिसच्या पुढच्या वारापर्यंत थांबू नका, ज्याने फिस्टुला केला त्याच्याकडे त्याच दिवशी जा. जाताना दुसरा हातही उघडा ठेवायला सांगा, आम्हाला तुलना करायची असते.